बिनगादीची खुर्ची

२२ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद आहेतच, पण आधी भांडण. सव्वीस वर्षं तुझी पत्रं त्या मुंगीच्या पायांसारख्या अक्षरात येतात आणि मी चष्मा पुसून पुसून ती लावतो. या वेळी टाइप केलेला कागद! सरकारी नोटीस असेल म्हणून दोन दिवस मी पाकीट उघडलंच नाही. टेकडीआड फोन लागत नाही, ऑफिसातल्या फोनवर चारचौघांत मला बोलता येत नाही. म्हणजे आपल्याकडे उरतं ते अक्षर. तेवढं तरी काढून घेऊ नकोस.

मनगट कसं आहे? डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली होती ना, त्याला आता आठ झाले.

इथे हंगामाची तयारी जोरात आहे. पंधरा मार्चला तुमचा वाद्यवृंद शहरातलं बंद सभागृह सोडून इथे मोकळ्यावर येणार, मेअखेर पावसाच्या आधी परत जाणार. तोवर मी आणि दोन झाडूवाले तीसच्या तीस दगडी पायऱ्या घासतोय. फटींतून गवत उगवलंय. मंचाच्या छपराखाली पाखरांनी घरटं केलंय, ते काढा म्हणून हुकूम आलाय, मी ऐकू न आल्यासारखं केलं. चौसष्ट लोखंडी खुर्च्या गोदामातून काढल्या आणि एकेकीवर बसून पाहिलं. चौसष्ट गाद्या उन्हात घातल्या. बिनगादीचं बसलं की ते तापलेलं लोखंड कसा चटका देतं ते तुला सांगायला नको.

गाद्यांवरून आठवलं. गेल्या वर्षी पहिल्या दिवशी बासून फुंकणाऱ्या आजोबांची खुर्ची मीच बिनगादीची लावली होती. इतकी वर्षं लावतोय, वर्षभरात जो गेला त्याची, तरी दर वेळी हात जड होतो. तुम्ही सगळे वादक उभे राहता, पायऱ्यांवरचे लोक उठतात, मग तो संथ तुकडा वाजतो आणि मी आत जाऊन नाक शिंकरतो. यंदा कुणी गेलं नाही. चौसष्ट खुर्च्यांना चौसष्ट गाद्या.

व्यवस्थापकबाई म्हणतात, तुम्हा व्हायोलावाल्यांना आठ नको, सातच खुर्च्या लावा. मी म्हटलं, आठ. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू मीच आजारी आहे. तू पहिल्या दिवशी येतेयस एवढं कळव, म्हणजे त्यांच्याशी नीट भांडता येईल.

तुझा दादा

३ मार्च

दादा,

नमस्कार. टाइप करते कारण मनगटाला आराम हवा. यात मॅडमपणा काही नाही.

पहिल्या दिवसाला मी येत नाही. डॉक्टर अजून थोडं थांबा म्हणतात. त्यांचं ‘थोडं’ म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक. तू व्यवस्थापकबाईंशी भांडू नकोस. त्या सांगतात तशा सात खुर्च्या लाव. त्यांच्याशी माझं बोलणं झालंय.

बाकी मी मजेत आहे. केस कापलेत, अगदी मानेपर्यंत. तुला आवडणार नाहीत. वेणी घालायचा कंटाळा आला होता. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई रोज येऊन डबा उघडून देतात, गप्पा मारतात. रिकामा वेळ भरपूर आहे. एवढी वर्षं संध्याकाळी घरी नसायचे, त्यामुळे माझ्या खिडकीत पाच वाजता ऊन येतं हे मला माहीतच नव्हतं.

घरटं काढू नकोस.

तुझी धाकटी

१६ मार्च

धाकटे,

आता काय लिहू आणि कसं लिहू. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. माझ्या हातून मोठं पाप झालंय. तू बसली असशील तर वाच, उभी असशील तर बस.

मी तुझं ऐकलं नाही. काल आठ खुर्च्या लावल्या. सात लावल्या असत्या तर ते सातजण पसरून बसले असते. एकदा जागा मिटली की पुन्हा कोण सरकतंय? म्हणून आठवी लावली, तिच्यावर चांगली जाडजूड गादी ठेवली आणि उगाच अर्थ निघू नये म्हणून ती दोनदा तपासलीही. नंतर मी दिव्यांच्या खोलीत गेलो. तेवढ्यात आपले चेलोवाले आले. त्यांची पाठ तुला माहीतच आहे. त्यांना दिसली जास्तीची गादी. घेतली आणि स्वतःच्या गादीवर ठेवून बसले.

साडेपाचला सगळे मंचावर आले. तुझ्या शेजारणीने खुर्ची पाहिली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तू आजारी आहेस एवढंच त्यांना ठाऊक होतं. कुजबुज पुढे सरकत गेली. छडीवाले सकाळीच परगावाहून आले होते. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, छडी खाली ठेवली आणि मान खाली घातली. सगळे उठले. मग पायऱ्यांवरचे लोक उठले. दीड हजार माणसं, धाकटे, आणि एकाचाही आवाज नाही.

मी विंगेत उभा. आधी वाटलं, कोण गेलं? मला कसं कुणी सांगितलं नाही? मग माझं लक्ष खुर्चीकडे गेलं. ओरडावंसं वाटलं, अरे ती आहे, जिवंत आहे! पण तोवर त्यांनी तो संथ तुकडा सुरू केला होता आणि तो मध्येच थांबवायचं मला धाडस झालं नाही. तुझी शेजारीण रडत वाजवत होती. मीही रडलो. तू बरी आहेस हे ठाऊक असून रडलो.

मध्यंतरात मी सगळ्यांसमोर हात जोडले. चेलोवाले तर माझ्याही आधी माझ्या पाया पडायला आले. पण तो तुकडा ऐकून काही लोक तोवर निघूनही गेले होते. तुला तुझ्याच निधनाबद्दल सांत्वनाची पत्रं आली तर घाबरू नकोस.

आणखी एक. व्यवस्थापकबाईंची मी क्षमा मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे तिने तुम्हाला अजून सांगितलेलंच नाही?’’ मी खूप विचारलं. ‘‘तिलाच विचारा,’’ म्हणाल्या. म्हणून विचारतो. काय सांगितलं नाहीस तू मला?

दादा

२३ मार्च

दादा,

सांत्वनाची सहा पत्रं आली. एक ‘कुटुंबीयांस’ म्हणून आहे. त्यात लिहिलंय की मी शांत, मनमिळाऊ आणि वेळेची पक्की होते. पहिले दोन गुण कुणाचे ते मला कळलं नाही. मी आधी पोट धरून हसले. शिक्षिकाबाई धावत आल्या. मग तेच पत्र मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून पुन्हा वाचलं आणि उठता येईना.

तुला सांगायलाच हवं. मनगट मुरगळलेलं नाही. डिसेंबरात सरावाच्या वेळी माझ्या हातातून व्हायोलाचा गज सुटला. शेजारणीने उचलून दिला, दहा मिनिटांनी पुन्हा सुटला. तीन डॉक्टर झाले. उजव्या हाताच्या नसा मरत चालल्यात. सावकाश, पण परत फिरणार नाहीत. मला पेन धरता येत नाही. वेणी घालता येत नाही. डब्याचं झाकण उघडत नाही. हे पत्र डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायला दोन दिवस लागतात. जानेवारीतच मी राजीनामा दिला आणि तुला कळू देऊ नका अशी बाईंना गळ घातली.

का, तर तुझ्यासमोर यायची लाज वाटली. आईबाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तू एकोणिसाव्या वर्षी शिक्षण सोडून खुर्च्या उचलायला लागलास आणि मला त्या पायऱ्यांवर बसवून ठेवायचास. तिथे ऐकून ऐकून मी वाजवायला शिकले. तू मला घडवलंस. मोडलेली तुझ्यासमोर कशी येऊ?

आता राग सांगते. ते सगळे उभे राहिले त्यात त्यांची चूक नाही. त्या खुर्चीवर बसणारी खरंच गेली आहे. चूक तुझी आहे, आणि ती गादीची नाही. माझी जागा राखायला तुला कुणी सांगितलं होतं? मी तीन महिने रडून ती सोडली, आणि तू एका संध्याकाळी परत मांडून ठेवलीस. माझ्या जागी जी मुलगी येतेय तिला मी स्वतः ऐकून निवडलंय. चांगलं वाजवते. तिला बसू दे.

धाकटी

११ एप्रिल

धाकटे,

एवढे दिवस पत्र लिहिलं नाही, कारण लिहायला बसलो की कागद भिजायचा. या वयात हे शोभत नाही, पण आहे ते असं आहे.

‘तू मला घडवलंस’ म्हणतेस. वेडी आहेस. मी खुर्च्या उचलल्या, त्या मी उचलायच्याच होत्या. आणि मोडलेली म्हणे! घरात कप फुटला तरी मी त्याचे तुकडे फेकायचो नाही, तुला तर आठवत असेल. डबा उघडून द्यायला परकी बाई येते आणि सख्खा भाऊ इथे पाखरांची घरटी राखत बसलाय, याचा मला जास्त राग आला. तो राग मी आता गिळला. तुझा राग मात्र रास्त आहे. तुला न विचारता मी तुझी जागा राखली, कारण ती जागा गेली की माझंही काहीतरी जाणार होतं.

आता ऐक. नवी मुलगी एक एप्रिलला आली. मी तुझ्या जागी खुर्ची लावली, गादी ठेवली. तिने गादी उचलून बाजूला ठेवली, आतून एक स्टूल आणलं आणि कडेला जाऊन बसली. रोज हेच चाललंय. मी समजावलं, शेजारणीने समजावलं. ती म्हणते, ‘‘ज्यांच्यासाठी सगळे उभे राहिले, आणि ज्या अजून आहेत, त्यांच्या जागेवर मी कशी बसू?’’ छडीवाल्यांनी दोनदा दटावलं. ती रडली, पण बसली नाही. मधल्या त्या भगदाडामुळे व्हायोलाचा सूर विस्कटतोय, असं ते म्हणतात. काल तिने बाईंना सांगितलं की हंगाम संपला की मी जाते, माझ्याच्याने हे होणार नाही.

खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. मग तिचं ते स्टूल बघवेना. हे माझ्या हातून झालंय आणि माझ्या हातून निस्तरत नाहीये. तू ये. एकदा ये, तिला सांग आणि संध्याकाळी पायरीवर बसून ऐक. मी तुला न्यायला येतो.

दादा

२० एप्रिल

दादा,

नाही जमणार.

तिला पत्र लिहिते, फोन करते, हवं तर आज्ञा करते. पण तिथे येऊन पायरीवर बसायला सांगू नकोस. सव्वीस वर्षं मी तो वाद्यवृंद आतून ऐकलाय. मागून ढोल, डावीकडून शेजारणीचा श्वास, समोर छडीवाल्यांचे बूट. बाहेरून तो कसा ऐकू येतो ते मला माहीत नाही, आणि जाणून घ्यायची भीती वाटते. समज मी वर बसले आणि काहीच कमी वाटलं नाही तर? माझ्याशिवाय ते पूर्ण वाजले तर मी तिथे एवढी वर्षं करत काय होते? हे मी तुलाच सांगू शकते. ऐकायला फार क्षुद्र वाटतं, पण मला झोपेतून उठवतं ते हेच.

धाकटी

२८ एप्रिल

धाकटे,

तू एवढं खरं बोललीस तर मीही एक बोलतो. गेली सव्वीस वर्षं मी तुला फसवत आलोय.

दर कार्यक्रमानंतर तू वाद्य पुसत विचारायचीस, ‘‘आज ऐकू आले का रे?’’ आणि मी म्हणायचो, ‘‘तुझा आवाज लगेच ओळखला.’’ धाकटे, मला तो एकदाही ओळखता आला नाही. विंगेतून नाही, शेवटच्या पायरीवरून नाही. आठ व्हायोला वाजतात तेव्हा एक आवाज येतो आणि त्यात तू कुठली ते मला कधीच कळलं नाही. पहिल्या वर्षी तुझा चेहरा बघून खोटं बोललो, मग दर वेळी तेच बोलत गेलो. पंधरा मार्चला सातच वाजत होते. तोही फरक मला कळला नाही. मी त्या दिवशी रडलो त्यात हेही होतं.

आता मला हवं ते बोल.

दादा

६ मे

दादा,

कसला रे तू! मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. व्हायोलावाली वेगळी ऐकू आली असती तर छडीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं. इतरांत मिसळून जायचं, हेच आमचं काम. मी विचारायचे ते तुझ्या तोंडून ‘ओळखला’ ऐकायला. तू एवढ्या आत्मविश्वासाने थापा मारायचास की माझा शीण जायचा.

तुझं पत्र वाचल्यावर मात्र दोन दिवस डोक्यात एकच. इतकी वर्षं मी वेगळी ऐकू न येण्याचंच शिकले, आणि आता मी कुणाला ऐकू येत नाही म्हणून रडतेय. त्या मुलीचं नोकरीचं पहिलं वर्ष आहे. तिने स्टुलावर बसून ते घालवावं हे मला मान्य नाही.

चोवीस मेला, शेवटच्या कार्यक्रमाच्या सकाळी, तुमच्या तालमीला येते. न्यायला येऊ नकोस, शिक्षिकाबाई बसमध्ये बसवून देतील. दुपारच्या बसने परत जाईन. ऐकायला थांबणार नाही, हे आधीच सांगते. त्या वेळी आग्रह करू नकोस.

धाकटी

२५ मे

धाकटे,

पोचलीस ना नीट? मी आग्रह केला नाही, मुकाट्याने तुला दुपारच्या बसमध्ये बसवलं, हे लक्षात ठेव. तू खिडकीतून डावा हात हलवलास आणि मी वळून चालू लागलो, कारण माझं तोंड तुला दाखवायचं नव्हतं.

सकाळी तू आलीस तेव्हा मी नीट पाहिलंच नाही, डोळे सारखे भरत होते. एवढंच दिसलं की तू डाव्या काखेत गादी धरून मंचावर गेलीस. सगळे पुन्हा उभे राहिले. तू म्हणालीस, ‘‘बसा हो, एकदा उभे राहिलात तेवढं पुरे झालं.’’ चेलोवाले इतके हसले की त्यांची पाठ धरली. मग तू गादी खुर्चीवर ठेवलीस, त्या मुलीला दंडाला धरून स्टुलावरून उठवलंस आणि तिथे बसवलंस. तिच्या कानात काहीतरी सांगितलंस. ती मान हलवत होती आणि तिचे खांदे गदगदत होते. काय सांगितलंस ते मी तिला विचारलं, ती सांगत नाही. पण राजीनाम्याचं तिने मागे घेतलं.

संध्याकाळी वाजवलं मात्र असं की काय सांगू. तू हवी होतीस. वारा पडलेला होता. पाखरंही त्या वेळेपुरती गप्प होती. ऊन असतानाच संपलं, तुम्ही सगळे आत जाऊन वाद्यं पुसता तसे ते गेले, लोक फाटकाबाहेर पडले आणि मी खुर्च्या उचलायला मंचावर आलो. शेवटचा दिवस म्हणजे चौसष्टच्या चौसष्ट गोदामात.

दहाबारा उचलल्या असतील, तर वरून काहीतरी आपटल्यासारखा आवाज यायला लागला. थप, थप, थप. शेवटच्या पायरीवर कुणी बाई एकटीच बसली होती. सूर्य बरोबर तिच्या पाठीमागे, मला नुसती आकृती दिसत होती. छत्रीबित्री विसरली असेल म्हणून मी ओरडलो, ‘‘काही राहिलंय का, बाई?’’ उत्तर नाही. आपलं थप, थप चालूच. पुन्हा विचारलं. तरी नाही. मी फाटकाची किल्ली घेऊन आलो तोवर गेली होती. असतात एकेक वेंधळी माणसं.

मी एक तारखेला तुझ्याकडे येतोय. शिक्षिकाबाईंना सांग, डबा उघडायला आता माणूस मिळाला.

दादा

२८ मे

दादा,

तू बसपासून वळलास म्हणून तुला दिसलं नाही. मी पुढच्याच थांब्यावर उतरले आणि यावं की नाही, या विचारात पाचपर्यंत तिथेच बसून राहिले. चालत परत यायला पाऊण तास लागला. उशीर झाला म्हणून वर, शेवटच्या पायरीवर जागा मिळाली.

त्या मुलीला एवढंच सांगितलं होतं की पहिल्या अर्ध्या तासात वारा उजवीकडून येतो, स्वरलिपीच्या कागदाला दोन चिमटे लाव.

ते पूर्ण वाजले, दादा. काही म्हणजे काही कमी नव्हतं. पहिली दहा मिनिटं मी आठवी व्हायोला शोधत होते, स्वतःला शोधत होते, आणि सापडत नव्हते. मग शोधायचं कधी थांबले ते कळलं नाही. मी नऊ वर्षांची असताना ऐकायचे तसं ऐकायला लागले. खूप रडले. शेजारच्या आजींनी विचारलं, ‘‘तुमचं कुणी आहे का वाजवणाऱ्यांत?’’ मी म्हटलं, ‘‘होतं. आता सगळ्यांतच आहे.’’ त्यांना काही कळलं नसावं, पण त्यांनी रुमाल दिला.

लोक गेले तरी मी उठले नाही. आणि तू मंचावर आलास. वाद्यवृंदात आल्यापासून मी हे कधी पाहिलं नव्हतं. तू खुर्च्या उचलतोस तेव्हा आम्ही सगळे आत असतो. एका हातात दोन, दुसऱ्या हातात दोन, कमरेत वाकलेला, गुडघा दुखत असणार, तरी एकही खुर्ची जमिनीवर घासू न देता. त्रेचाळीस वर्षं. आम्हाला रोज दीड हजार लोक टाळ्या वाजवतात आणि मग तू येतोस तेव्हा पायऱ्या रिकाम्या असतात.

माझा उजवा हात वळत नाही. म्हणून डावा मांडीवर आपटत होते. तू ‘‘काही राहिलंय का’’ विचारलंस तेव्हा मला बोलता आलं नाही. म्हणून पळाले.

वेंधळी बाई मी होते. आणि तो आवाज टाळ्यांचा होता, दादा. तुझ्यासाठी.

धाकटी